मेलेल्यांच्या नावाचे थेंब

संध्याकाळी पाचला सूतगिरणीचा भोंगा झाला आणि ‘चांदणी’ परमिट रूमच्या दारावरचा निळा दिवा लागला. नऊ महिने हे दार बंद होतं. उघडून तीन आठवडे झाले, तरी माणसं आत येताना अजून दबकत येत होती. आधी उंबऱ्याशी थांबायची, आत डोकावायची, मग पाऊल टाकायची.

हिंदुराव लोहार काचेच्या खोलीतून त्यांना बघत होता. सत्तावीस वर्षं त्यानं इथं वेटरकी केली होती. कोणाला किती सोडा, कोणाला चकण्यात कांदा नको, सगळं तोंडपाठ. आता मागणी समोरच्या पडद्यावर उमटायची आणि छताखालच्या तारेवरून ट्रे सरकत सरकत टेबलावर उतरायचा. ग्लासाला झाकण, झाकणातून नळी.

“नळीनं दारू?” आबा खवरे पहिल्याच दिवशी ओरडला होता. “मी काय टॉन्सिल काढून आलोय व्हय रं?”

इचलकरंजीभर सगळे हसले होते त्यावर. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

रोगाचं नाव काही तरी लांबलचक होतं, पण लोक त्याला घोगराच म्हणत. तो आधी आवाज घ्यायचा, मग श्वास घ्यायचा. हिंदुरावची बायको अशीच गेली. शेवटचे दोन दिवस तिचे नुसते ओठ हलत होते. त्याच्या दोन वर्षं आधी तिनं आपलं एक मूत्रपिंड लेकीला दिलं होतं. लेक वैजयंता वीस वर्षांची. आईचा तो तुकडा अंगानं परका म्हणून झिडकारू नये, यासाठी ती रोज गोळ्या घ्यायची, आणि त्या गोळ्यांनी तिच्या अंगातली राखणच झोपवून ठेवली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “हिला घोगरा झाला, तर आमच्या हातात काही नाही.”

तरी हिंदुराव कामावर परत आला, तो हुंगणीच्या भरवशावर.

हुंगणी म्हणजे टेबलात बसवलेली तळहाताएवढी जाळीदार ताटली. जाळीखाली जिवंत पेशींचा पातळ थर, कुत्र्याच्या नाकातल्या पेशींसारखा, प्रयोगशाळेत वाढवलेला. माणूस समोर बसून बोलला, हसला, नुसता उसासला, तरी त्याचा श्वास ती हुंगायची. घोगऱ्याचा वास आला की लाल व्हायची, आणि त्या टेबलाभोवती छतातून पारदर्शक पडदा उतरायचा. एरवी हिरवी. सगळी टेबलं हिरवी असली की हिंदुरावला काचेबाहेर यायची मुभा होती, तीही तोंडाला मुसकं न लावता. तो टेबलं पुसायचा, जुन्या गिऱ्हाइकांच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्यांच्या तोंडाशी कान नेऊन गाऱ्हाणी ऐकायचा.

गावातल्या बाकीच्या बारांत दिवसाआड एखादं टेबल लाल होई. ‘चांदणी’त तीन आठवड्यांत एकही नाही. नगरपालिकेनं दारावर ‘निर्मळ’ असा शिक्का लावला होता. मालकीण सुलोचनाक्का तो रोज पदरानं पुसायची.

आज आबा आला आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसला. ताटली हिरवी. ट्रे उतरला. आबानं नेहमीसारखं ग्लासाचं झाकण उचकटलं, बोट बुडवलं आणि थेंब उडवला.

ही इथली जुनी रीत. पहिला घोट घ्यायच्या आधी एक थेंब धरणीला आणि गेलेल्यांना. पूर्वी एक थेंब सगळ्यांना पुरायचा. घोगऱ्यानंतर पुरेना. आता प्रत्येक जण नावं घ्यायचा.

“पहिला थेंब धरणीला,” आबा पुटपुटला. “दुसरा माझ्या पारूला. तिसरा थोरल्याला. चौथा त्याच्या लेकाला, त्याचं मागावरचं कापड तसंच ऱ्हायलं…”

सात थेंब पडले. जाळीवर चकाकले आणि खाली झिरपले.

“हिंदुराव,” आबानं हाक मारली, “शेंगदाणे आण की रं.”

हिंदुराव ताठ झाला. आबाचा आवाज फाटक्या पिशवीतून वाळू सांडावी तसा आला होता.

तो बाहेर आला. “आबा, घसा बसलाय काय?”

“चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात वरडलोय. बसणारच की.” आबानं ताटलीवर बोट आपटलं. “हिरवं हाय बघ. भितोस काय लेका?”

हिंदुराव वाकला. ताटलीला दारूचा आंबूस वास येत होता. जाळी चिकट झाली होती.

ताटल्या बसवायला आलेल्या बाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, “हिला स्पिरिटनं पुसू नका. पेशी मरतात.” आणि जाता जाता म्हणाल्या होत्या, “हिरवा म्हणजे रोग नाही असं नव्हे, काका. रोगाचा वास आला नाही, एवढंच.” झाकण आणि नळी त्यांनी त्यासाठीच दिली होती. पण इथली माणसं बोट बुडवून दारूचे थेंब उडवतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मेलेल्या नाकाला कसला वास येणार?

कोठीच्या कपाटात एकच नवी ताटली शिल्लक होती, मोहोरबंद. ती हिंदुरावनं काढली. मुसकं घट्ट बांधून त्यानं आबाच्या टेबलातली जुनी उपसली आणि नवी बसवली.

“काय चाललंय तुझं?” आबा खरखरला.

ताटली क्षणभर हिरवी राहिली. मग पिवळसर झाली. आबाचा पुढचा उसासा तिच्यावरून गेला आणि ती रक्तासारखी लाल पेटली. छतातून पडदा सळसळत उतरला. आत आबा उठून उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता.

बाकीची अकरा टेबलं हिरवीगार होती. प्रत्येक ताटलीत मेलेल्यांच्या नावाचे तीन आठवड्यांचे थेंब मुरले होते.

हिंदुराव गल्ल्यामागच्या लाल बटणाकडे निघाला. ते दाबलं की सगळी दारं बंद, चौदा दिवस. सुलोचनाक्का आडवी आली.

“हिंदुराव, थांबा. आत तेवीस माणसं हायत. त्यातली चांगली किती, वाईट किती, ठावं न्हाई. सगळ्यांना एकत्र कोंडणार?”

“आणि सोडली तर, आक्का?”

“तुम्ही बी आत अडकाल. पोरीकडं कोण बघणार?” तिनं कोठीकडे बोट केलं. “मागलं दार उघडं हाय. जा. मी काही बघितलं न्हाई.”

मागलं दार खरंच उघडं होतं. उन्हाची एक तिरीप कोठीपर्यंत आली होती. तिथून घर सात मिनिटांवर. हिंदुरावच्या पायांनी एक पाऊल टाकलंही. पण ते पाऊल काय घेऊन घरी जाणार होतं? त्याच्या छातीत आत्ता जे येत-जात होतं ते कुणाचं, हे सांगणारी एकच जिवंत ताटली आबाच्या पडद्याआड होती.

त्यानं बटण दाबलं.

दारं धडाधड लागली. टेबलाटेबलांवरून माणसं उठली, काचा बडवू लागली. कुणी आईला हाक मारली, कुणी हिंदुरावला आईवरून शिवी घातली. तो कोठीत शिरला, कडी लावली आणि वैजयंताला फोन लावला.

“वैजू, मी चौदा दिस येत न्हाई. आमच्या ताटल्या मेल्यात. पहिल्या आठवड्यापास्नंच मेल्या असतील. माझ्या आत काय हाय, मला ठावं न्हाई.”

तिचा आवाज कसा येतोय, हे ऐकायला त्यानं फोन कानाशी इतका दाबला की कान दुखू लागला.

“आप्पा,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “मला कधी कळंल?”

“नवव्या-दहाव्या दिवसापातूर आवाज जातो म्हणत्यात.”

“बरं.” मग तिनं विचारलं, “गल्लीतली निम्मी माणसं तुमच्याकडंच बसायला येत्यात न्हवं?”

“व्हय.”

“म्हंजे बाहेर त्यांचा वारा, आणि घरात तीन आठवडे तुमचा.” ती थांबली. लहानपणी अंधाराला भ्यायची तेव्हा थांबायची, तशी. “आप्पा, मी आता खिडकीपाशीच उभी हाय. उघडी ठेवू, का लावून घेऊ?”