मनात दहापर्यंत मोजा

पहिल्याच भेटीत मी त्याच्यावर ओरडले, "हात मागे!"

बालवर्गात दिवसभर हेच म्हणायची सवय, तोंडातून निघून गेलं. समोर तिशीतला ताडमाड पुरुष आणि तो खरंच हात मागे बांधून उभा राहिला! सकाळचं धुकं शाळेच्या फाटकापाशी रेंगाळत होतं. त्याच्या बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. आणि त्याच्या पायाशी माझ्या वर्गातली भिंगरी, कोटाची चार बटणं त्यानं लावलेली, वरचं तेवढं उघडं.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. घरभर गरगर फिरते म्हणून. वर्गात मात्र ही पोरगी तोंडातून ब्र काढत नसे. आईवडील बदलीच्या गावी गेलेले, म्हणून शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती आजी आणि मामाकडे राहायची. मामा शिंपी. एरवी आजी सोडायला यायची. पण थंडीनं आजीचे गुडघे धरले आणि त्या दिवसापासून मामा येऊ लागला.

"बटण तिचं तिला लावू द्या," मी म्हणाले.

"अहो बाई, पाच बटणांना ती दहा मिनिटं घेते. मी पडलो शिंपी, मला बघवत नाही."

"मग डोळे मिटा."

त्यानं मिटले. अगदी आज्ञाधारकपणे! आणि मला मेलीला नेमकं तेव्हाच त्याच्या लांब पापण्यांकडे बघायचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, भिंगरीच्या कोटाची सगळी बटणं गायब. त्यांच्या जागी दाबली की टच्च बसणारी टिचबटणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा सुटल्यावर मी मामाला वर्गात बोलावलं आणि पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले.

"हा काय प्रकार?"

"सोय केली, बाई."

"कोणाची? तिची की तुमची?"

तो डोकं खाजवायला लागला. मी भिंगरीची वही उघडून समोर धरली. फिकट, थरथरत्या रेषा. पेन्सिल मधेच सुटलेली.

"काजातून बटण ढकलणारी बोटंच उद्या पेन्सिल धरणार आहेत. तुम्ही तिचा सरावच काढून घेतलात." मग मी भिंगरीकडे वळले. "आज मातीचं काय केलंस गं?"

"हिला माती फार आवडते—"

"तुम्हाला विचारलं?"

त्यानं जीभ चावली. मग अगदी हळू म्हणाला, "घरीही असंच होतं. ती तोंड उघडायच्या आत मीच बोलून मोकळा होतो. मग... काय करू मी?"

"काही नाही. हात मागे, तोंड बंद, मनात दहापर्यंत मोजा."

"आणि दहा झाले तरी जमलं नाही तर?"

"तर पुन्हा एकपासून."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं, खडूची धूळ त्यात तरंगत होती... पुढे काय बोलायचं होतं ते मी साफ विसरले.

चौथ्या दिवशी तो फळ्याएवढं मोठं, जाड कापड घेऊन आला. त्यावर बटणांच्या सहा ओळी. वर बशीएवढी, खाली शर्टाची चिमुकली, आणि प्रत्येकाला नीट शिवलेलं काज. अख्खा वर्ग त्यावर तुटून पडला. भिंगरीच्या कोटावर जुनी बटणं परत आली. आणि मामा रोज शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधीच फाटकाशी दिसू लागला.

"बाई, हल्ली तुम्ही फाटकाकडे बघून गोष्ट सांगता," आमच्या मदतनीस मावशी म्हणाल्या. मी त्यांना रंगाचे डबे धुवायला पाठवलं.

एक दिवस तो आला तोच धावत. "काल घरी जाताना तिला विचारलं, आज काय पाहिलंस? आणि मोजायला लागलो. आठ झाले, नऊ झाले... आणि बाई, ती बोलायला लागली! एका मुंगीबद्दल! थांबेचना. ऐकता ऐकता माझं दुकान मागे राहिलं, तरी मी चालतोच आहे!"

त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, मी त्याच क्षणी त्याच्या प्रेमात पडले.

"सगळा वर्ग मला मामा म्हणतो," एकदा तो म्हणाला. "तुम्हीच काही म्हणत नाही."

"मी मामा म्हणू?" मी दचकले.

"नको, नको!"

"मग योग्य शब्द सापडू दे."

"शोधा सावकाश. मी मोजतोय."

थंडी सरत आली आणि भिंगरीच्या आईचं पत्र आलं. शाळेच्या शेवटच्या दिवशी आईवडील दोघं येतील, तिला घेऊन जातील. त्यानंतर मामाचं या फाटकाशी काय काम? तीस पोरांना गप्प करणारी मी, पण या विचारानं माझीच वाचा बसली.

शेवटचा दिवस उजाडला. ऊन तापलं होतं तरी भिंगरीनं हट्टानं कोट आणला होता. तो अंगात चढवताच तिची आई बटणं लावायला वाकली.

"आई, हात मागे! दहापर्यंत मोज!"

आई चकित होऊन थांबली. भिंगरीनं जीभ बाहेर काढून एकेक बटण लावलं. अगदी वरचंसुद्धा. आईनं तिला छातीशी धरलं, मग तिघं पुढे चालू लागली.

तो मागे राहिला. "येतो, बाई. म्हणजे... उद्यापासून यायला तसं कारण नाही."

"हो ना... मला... म्हणजे तुम्ही..."

त्यानं हात मागे बांधले आणि उभा राहिला.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"मी कसा बोलू? बोलायचं तुम्हाला होतं. आमच्या बाई फार कडक आहेत." आणि त्याचे ओठ हलायला लागले. एक... दोन... तीन...

असा राग आला! असं हसू आलं! चार... पाच...

"उद्या या."

"कोणाला न्यायला?" सहा...

"मला," मी म्हणाले. "उद्या, परवा, रोज. मला तुम्ही हवे आहात."

तो मोजायचा थांबला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"सातच्या आत जमलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी कितीही वेळा एकपासून सुरू केलं असतं."

हात मात्र अजून मागेच होते.

"हात पुढे," मी म्हणाले. आणि त्यानं केले.