पठारावरची गळाभेट

नोव्हेंबर लागला की आमच्या किनुआ गावातले पुरुष लढाईला निघतात आणि घरची सगळी कामं आम्हा बायकांच्या गळ्यात पडतात. लढाई दोनशे वर्षांपूर्वीची, तालीम मात्र दरवर्षी नवी. स्पेनच्या राजाची शेवटची मोठी फौज आमच्या गावाच्या डोक्यावरच्या पठारावर हरली. म्हणून नऊ डिसेंबरला आम्ही तिला पुन्हा हरवतो. अपोलिनारियो गुरुजी भोंगा घेऊन ओरडत असतात, "अरे, हुनीनच्या लढाईत एक गोळी सुटली नव्हती, नुसते भाले! इथं तोफा होत्या! जरा पोटातून 'धडाड' म्हणा!"

मी मेल्चोरा. मी छपरावर बसवायची मातीची चर्चं बनवते, माझा नवरा नेमेसियो बैल बनवतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि माणसांवर तर त्याहून कमी.

राजाचा शिपाई व्हायला कुणी तयार नसतं. आधी कोंदोरकुंका डोंगर चढायचा, मग उतरायचा, मरायचं आणि भाषणं संपेपर्यंत ओल्या गवतात पडून राहायचं. नेमेसियो मात्र दरवर्षी मुकाट्यानं राजाकडून मरतो. या भोळसटपणाबद्दल मी त्याला किती बोलले असेन, त्याला सुमार नाही.

लढाईआधी गळाभेट असते. त्या दिवशी दोन्ही फौजांत सख्खे भाऊ होते, मेव्हणे होते. पहिली तोफ उडण्याआधी त्यांनी शस्त्रं खाली ठेवली, मधल्या ओळीवर येऊन एकमेकांना मिठी मारली आणि मग आपापल्या जागी परत जाऊन एकमेकांना मारलं, असं म्हातारे सांगतात. म्हणून आमच्या खेळातही तिथं खोटी मिठी चालत नाही. समोरच्या बाजूला रक्ताचं किंवा लग्नाचं माणूस असेल त्यानंच पुढं जायचं. आणि आलेल्या नातेवाइकाला नाही म्हणायचं नाही. नेमेसियो आईबापांचा एकुलता एक. तो कधीच पुढं गेला नव्हता.

यंदा पहिल्याच तालमीला तो गेला. माझी शेजारीण तेओदोसिया हसत हसत सांगायला आली. "अगं, तुझा नवरा हवेला मिठी मारतोय! गुरुजी तर खूश, म्हणाले, याला म्हणतात अभिनय!"

"हवेला कशाला? मी काय मेलेय?" मी म्हटलं. ती हसली. मीही हसले, पण मनात कुठंतरी खटकलं.

तो घरी आला तो शीळ घालतच. अंगाला ओल्या लोकरीचा वास येत होता. आता, शिपायांचे कोट शिवते ती विल्मा, आणि कोट असतात नायलॉनचे. नायलॉनला असला वास येत नाही.

"इतका वेळ कुठं होतास?"

"कुठं नाही गं. आम्ही बोलत बसलो होतो."

आम्ही! आमच्या केचुआ बोलीतही 'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं. ऐकणाऱ्याला धरून ते आपण, त्याला वगळून ते आम्ही. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडी सदा आपण. आपलं घर, आपली भट्टी, आपलं नशीब. त्या संध्याकाळी त्यानं मला चुलीपाशी बसल्या जागी दाराबाहेर काढलं.

मग ते वाढतच गेलं. लाल रश्शातले बटाटे समोर ठेवले की म्हणायचा, "आमचं झालंय." भाजलेला मका मुठीनं खिशात टाकायचा. उन्हात बसून म्हणायचा, "आम्हाला फार थंडी वाजते." बैल घडवता घडवता कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा थांबायचा आणि हसायचा. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं होतं, ते मी आठवून बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

संशय अर्थातच विल्मावर. नवऱ्यानं टाकलेली बाई, आणि अख्ख्या गावच्या पुरुषांच्या छातीची मापं हिच्याकडे. मी सरळ तिच्या दुकानात गेले.

"टेप लावताना हात जरा आवरता घेत जा," मी म्हटलं.

ती दातातल्या टाचण्या काढून माझ्याकडे बघतच राहिली. "मेल्चोरा, डोकं ठिकाणावर आहे ना? तुझा नवरा यंदा फिरकलाच नाही इथं. हा बघ त्याचा कोट, खुंटीवर तसाच पडलाय. तूच घेऊन जा, म्हणजे माझी जागा तरी मोकळी होईल."

खुंटीवर निळा नायलॉनचा कोट होता. आमच्या भट्टीपाशी मात्र रोज एक कोट वाळत पडलेला असायचा. जाडाभरडा, मातकट. आणि तो कधीच वाळायचा नाही.

पुढच्या तालमीला मी चिचाचं, म्हणजे मक्याच्या दारूचं मडकं घेऊन गेले. तालमीत शिपायांना प्यायला लागतंच, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. गुरुजींनी हुकूम दिला. माणसं मधल्या ओळीवर आली, एकमेकांच्या गळ्यात पडली. नेमेसियो माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्यासमोर कुणीही नव्हतं. लोक खिदळत होते, पण ते होते पलीकडे. त्यांना त्याचं तोंड दिसत होतं, मला पाठ.

पाठीवरचं कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं होतं. दोन्ही बाजूंना. बोटं जिथं रुतली होती तिथं कापड खाली दबलं होतं, आणि ते दाबणं मध्येच सैल व्हायचं, मग पुन्हा घट्ट.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी माझा नुसता जळफळाट झाला. मला यानं असं कधी धरलं नाही, आणि मीही त्याला असं कधी धरलं नाही, एवढंच मनात आलं.

घरी मी त्याला गाठलंच. "कोण आहे तो?"

"भाऊ."

"तुला भाऊ नाही, नेमेसियो. तुझ्या आईला विचार हवं तर, बसलीय तिकडे ऊन खात."

"आम्हालाही माहीत नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. मग बैलाच्या मानेवरून ओला अंगठा फिरवत म्हणाला, "नऊ तारखेला मिठी झाली की आम्ही परत फिरणार नाही. दोघं एकाच बाजूला जाणार. तसं ठरलंय."

"आणि मी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाईट वाटल्यासारखं पाहिलं, ते मला जास्त लागलं.

मी ठरवलं, जाऊ देणार नाही. जन्मभर बैलांचे पाय लिंपून दिलेत मी त्याच्या, आणि हा कोण कुठला उपटसुंभ येऊन घेऊन जाणार? नियम मलाही माहीत होता. लग्नाचं नातं चालतं. मी विल्माकडून समोरच्या बाजूचा, देशाच्या फौजेचा कोट आणला. तिनं माझ्या कमरेला टाचण्या लावल्या.

नऊ तारखेला लख्ख ऊन होतं. बँड वाजत होता, भाजलेल्या मांसाचा धूर, फुगे, पोरांची रडारड. टोपी डोळ्यांवर ओढून मी देशाच्या रांगेत घुसले. डोंगरावरून राजाचे शिपाई उतरले. सगळ्यांत मागं नेमेसियो, तो मातकट कोट घालून. उन्हातही त्या कोटाचं पाणी गळत होतं.

"भावांनो, शस्त्रं खाली!" भोंगा ओरडला.

मी धावले. माझ्याआधी कुणी पोचू नये म्हणून धावले.

तो ओळीवर आला. नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्याच्या थोडी वर होती.

मी त्याला मिठी मारली. त्याचे हात उघडले, आणि मिटले. बाई गं, काय धरलं त्यानं!

मग माझ्या पाठीला गार लागलं.

ओल्या लोकरीचा वास आला. मागून कुणीतरी टेकलं, हळूच, गर्दीत टेकावं तसं. मग हळूच नाही. माझा श्वास अडकला. माझ्या दोन्ही काखांखालून काहीतरी पुढं सरकलं आणि नेमेसियोच्या पाठीकडे गेलं.

मी मागं वळले नाही. मी सोडलंही नाही.

त्यानंही सोडलं नाही.

कानाशी कुणीतरी, आमच्याच बोलीत, एकच शब्द म्हणालं. "आपण."

बिगूल वाजला. मी नेमेसियोचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आमच्या रांगेत आणलं. भोंगा किंचाळत होता, "नेमेसियो, बाजू चुकली! मूर्खा, तू मरायचंयस!" लोक पोट धरून हसले. तो मुकाट्यानं माझ्यामागून आला.

आता तो कुठं जात नाही. तो मातकट कोट भट्टीपाशी पुन्हा दिसला नाही. नेमेसियो ताटभर जेवतो, बैल घडवतो. आम्ही हा शब्द त्याच्या तोंडातून गेला. "आपण बसू या का उन्हात?" म्हणतो. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो मला अंगणात जवळ घेतो. तेओदोसिया कुंपणावरून बघते आणि नाक मुरडते. "या वयात! काय गं, काय खाऊ घातलंस त्याला? माझा मेला तर सणासुदीलाही हात लावत नाही." तिला हेवा वाटतो, हे बघून मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

काल ती म्हणाली, "पण किती जपतो गं तुझ्या कपड्यांना! मातीचा हात म्हणून लागू देत नाही."

तो मला मिठी मारतो, डोळे मिटून माझ्या खांद्यावरून हसतो, पण त्याचे हात माझ्या पाठीला कधीच लागत नाहीत. माझ्या मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडून ते घट्ट मिटलेले असतात.