मंगलाष्टक मीच म्हणणार

नवरदेवाचं नाव गेलं. गेलं म्हणजे... जिभेवरून असं पुसलं की पत्ता नाही! रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं लग्न, माझ्या हातात माइक, तिसरं मंगलाष्टक. नवरानवरीची नावं मीच त्यात गुंफलेली, अन् मीच गप्प.

बँडवाल्याले वाटलं, संपलं. त्यानं ठोकला ढोल. झालं! अख्ख्या मांडवानं अक्षता उधळल्या. गुरुजी ओरडून राहिले, "थांबा हो, मुहूर्त व्हायचा आहे अजून!"

अंतरपाटाचं एक टोक धरलेल्या माणसाच्या केसांत तांदूळच तांदूळ. पण टोक काही त्यानं सोडलं नाही. मी हळूच विचारलं, "भैया, नाव काय पोराचं?"

"अभिनव. मी त्याचा काका, अच्युत. तुमचा भैया मात्र नाही हं."

अन् असा हसला, की माझे कान तापले. अठ्ठेचाळीस वर्षांची मी. मले वाटलं, आली पुन्हा ती वाफ अंगावर. पण ही वाफ वेगळी होती!

आठवड्यात आम्ही ब्राह्मणपाऱ्यात चहा पिऊन राहिलो होतो. तो रेल्वेतला, विधुर. मी एकटी, कधी लग्न केलंच नाही.

"काहून विसरलात हो त्या दिवशी?"

"पाळी जाण्याचे दिवस आहेत," मी तोंडावर सांगितलं. पळायचं असेल तर आत्ताच पळ म्हणावं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात डोकं असं धुकट होते. बहुतेकींचं निवळतेही. परवा मी दूध कपाटात ठेवलं अन् ताटल्या फ्रिजात."

"मग? दही तरी लागलं का?"

मी इतकी हसली की चहा सांडला.

उन्हाळाभर असंच चाललं. मग वहिनी म्हणाली, "ताई, आपल्या मोनालीच्या लग्नात रेकॉर्डिंगच लावू. उगाच फजिती नको."

रायपुरातल्या किती पोट्ट्यांची लग्नं माझ्या आवाजात लागली, अन् माझ्याच भाचीचं मशिनीवर? मी अच्युतजवळ रडली. तो बिचारा गडबडला. "मी बाजूले उभा राहून हळूच शब्द सांगत जाईन. नाही तर... आपण लग्नच करू ना. मी सांभाळीन तुम्हाले."

"सांभाळायले मी काय लोणच्याची बरणी आहे?"

उठलीच मी. बाई विसरायले लागली की सगळ्यांले एकच सुचते, तिले कुठंतरी नीट ठेवून द्या. मले नव्हतं राहायचं ठेवलेलं. मले गायचं होतं.

मोनालीच्या लग्नात मी रेकॉर्डिंगवाल्याच्या हातून माइक सरळ हिसकावला.

"ऐका! माझे पाळी जाण्याचे दिवस आहेत. मध्येच शब्द हरवते. हरवला तर थांबायचं, अक्षता मुठीतच ठेवायच्या. बँडवाले भैया, मैं हाथ उठाऊँगी, तभी बजाना!"

वहिनीनं पदरानं तोंड झाकलं. मागून एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, माझंबी तसंच होते!"

दुसऱ्या कडव्यात शब्द गेला. मी थांबली. सगळा मांडव थांबला. अच्युतले पत्रिका आधीच गेली होती; तो समोरच, ओठ घट्ट दाबून. एक अक्षर सांगितलं नाही त्यानं. बस येणारच आहे अशी वाट पाहतात ना, तसा नुसता उभा. तेव्हाच मले तो फार, फार आवडला.

शब्द आला त्याच्या मर्जीनं. मग मी अशी गायली की मोनाली रडली. शेवटी हात वर केला, अन् अक्षता पडल्या.

हात धुवायच्या नळापाशी अच्युत भेटला. "चुकलं माझं. सांभाळीन म्हणायले नको होतं."

"नकोच होतं. आता मी विचारते. लग्न करता माझ्याशी? कधी तुमचंही नाव विसरीन, अन् माफी मागणार नाही."

त्यानं नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं...

"हव, करतो."

मी त्याचा ओला हात धरला, सगळ्यांसमोर. वहिनी पाहून राहिली होती. पाहू दे.