कार्ल्याची गाडी

मी त्या गाडीत चढले ती कारली घ्यायला. हे आधीच सांगते, नायतर तुमी म्हणाल, बाई मुद्दाम चढली.

भाजी मार्केट भायखळ्यावरनं वाशीला आलं त्याला वरीस-दीड वरीस झालं असंल. मी आन माझी आत्या, दोघी जुईनगर स्टेशनाबाहेर भाजी लावायचो. आत्या बसायची, मी पहाटं मार्केटात जाऊन माल उचलायचे. त्या आठवड्यात कारलं बघायला मिळंना. आदल्या दिवशी पंढरी हमाल म्हणाला होता, "राहे, कारल्याचा ट्रक पनवेलला बंद पडलाय. उद्या गिऱ्हाइकांना गाडीनं तिकडंच नेणार हायेत."

म्हणून सकाळी गेटावरच्या चहावाल्याला इचारलं, "कारल्याची गाडी कुठं लागली रं?"

"कार्ल्याची ना? ती काय, पुलाखाली. पळ, निघालीच!"

पळाले. निळी बस उभी. काचेवर पाटी – कार्ला. लिहिताना काय फरक पडत असंल तो पडो, बोलताना पडत नाय. आन धावत्या माणसाला काना-मात्रा दिसत नाय.

दारात एक पोरगा उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, आन डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं मागनं सांगते. त्याचे ओठ हलले.

"काय?" मी म्हणाले.

तो परत पुटपुटला. देवळात बोलावं तसं. मी कान पुढं केला.

"कार्ल्याला ना?"

"मग काय दुधीला?"

तो हसला. "या, या, दिवेकर मॅडम. तुमचीच वाट बघत होतो."

मला वाटलं, दिवेकर म्हणजे कुणी व्यापारी, आन ही सगळी त्याची गिऱ्हाइकं. आत बघते तर लोकं स्वेटर घालून, थर्मास घेऊन बसलेली. एका बाईच्या गळ्यात कॅमेरा! कारली घ्यायला कॅमेरा? म्हटलं, वाशीच्या नव्या बिल्डिंगीतली लोकं, यांचं काय सांगावं. खिडकीला बसले, पिशव्या मांडीवर घेतल्या आन पहाटंची उठलेली, लागला डोळा.

कानात दडे बसले तशी जाग आली. खिडकीबाहेर ढग. ढगाखाली दरी!

"ओ शिट्टीवाले, पनवेल गेलं का?"

"केव्हाच. हा खंडाळ्याचा घाट."

"आन कारली?"

"अजून अर्धा तास. जगातली फार जुनी लेणी आहेत ती. दोन हजार वर्षांपूर्वीची..."

"दोन हजार वर्षांची कारली कोण खाणार?"

तो माझ्याकडं बघतच राह्यला. मग माझ्या पिशव्यांकडं बघितलं, तागाच्या, कोथिंबिरीची पानं चिकटलेल्या. चेहऱ्यावरचं रगत उतरलं बिचाऱ्याच्या. माझ्या शेजारी बसला आन असा काय हळू बोलला की मला त्याच्या खांद्यापाशी डोकं न्यावं लागलं.

"तुम्ही... दिवेकर नाही?"

"राही. जुईनगर. भाजी."

"मी विश्वजित," तो म्हणाला. "पुढे मिशांवर हात फिरवत बसलेत ना, ते हौसेराव. ट्रिपचे मालक. माझी आज पहिलीच ट्रिप. आज पॅसेंजर खूश झाले तर गाइडची नोकरी माझी. नाहीतर सोमवारी सांगलीला, मामाच्या ऑफिसात, कायमचा. बाबांनी तिकीटसुद्धा काढून ठेवलंय, मालकांनाही सांगितलंय. आणि मी सुरुवातच चुकीची बाई गाडीत घालून केली."

"चुकीची बाई म्हणायचं काम नाय."

"बाई बरोबर आहे," तो गडबडला, "गाडी चुकीची आहे."

आता बघा, आयुष्यात मला बरोबर म्हणणारा तो पयलाच. आत्या तर मला 'उलट्या खोपडीची' म्हणायची. मी जरा नीट बसले.

"मग मी काय करू? उतरू?"

"घाटात? नको नको. आजच्या दिवसापुरतं फक्त... दिवेकर व्हाल का?"

तेव्हा ते डोळे. वासरानं दावणीतनं बघावं तसं. मी म्हणाले, "होते. पण आत्याला फोन करायला पायजे."

डोंगराखाली पिवळ्या पाटीचा फोन होता. मार्केटातल्या गाळ्यावर लावला, तिथं आत्या मला हुडकत आलेलीच. "आत्या, मी कार्ल्यात हाय!"

"कारल्यात? कारल्यात किडा असतो, बये! तू काय करतीस?"

"अगं, कार्ल्याला आले!"

"मग घेऊन ये की! चांगली हिरवी बघ!" आन ठेवला.

विश्वजित बाहेर तोंडावर हात दाबून उभा. हसत होता. आवाज न करता हसत होता, हसण्यातसुद्धा आवाज नाय त्या माणसाला.

पायऱ्या चढलो. वर एकवीरा आईला हात जोडले आन शेजारीच ती लेणी. आई गं! आख्खा डोंगर पोखरून आत मोठा हॉल, ओळीनं दगडी खांब, खांबावर हत्ती, हत्तीवर माणसं. आत गार. आपलाच श्वास ऐकू येतो असं शांत. मला वाटलं व्हतं दगड बघून काय करायचं. पण उभी राह्यले ती राह्यलेच.

विश्वजित समोर उभा राह्यला आन बोलायला लागला. काय बोलत होता म्हणून सांगू! कशी माणसं आली, कशी छिन्नी घातली, वरच्या कमानीत बसवलेलं लाकूड अजून कसं टिकलंय. मी पुढं होते म्हणून मला कळत होतं. मागनं कॅमेरावाल्या मालतीबाई ओरडल्या, "ऐकू येत नाही!"

तो आणखी घाबरला, आवाज आणखी बसला.

"पैसे देऊन मुका पिक्चर बघायला आलोय का आम्ही?" मागनं कुणीतरी.

हौसेरावांनी मिशी सोडून कपाळाला हात लावला. मला सांगलीची गाडी दिसायला लागली. अगदी सुटताना.

काय झालं कुणास ठाऊक, मी एका दगडी कठड्यावर चढले. "गप बसा!" मी म्हणाले. अख्खं लेणं म्हणालं – गप बसा, बसा, बसा. घुमतो तिथं आवाज. सगळे गप.

"तुमी बोला," मी त्याला म्हणाले. "मी पोचवते."

तो पुटपुटला, "हे बांधायला व्यापाऱ्यांनी दानं दिली..."

"हे मार्केटातल्या लोकांनी बांधलंय!" मी ओरडले. "व्यापाऱ्यांनी! सरकारनं नाय!"

"असं अगदीच नाही... राजेही होते..."

"राजेबी होते थोडे!"

लोकं हसली. पुढं सरकली. तो बोलंल तसं मी ओरडत गेले, आन त्यालाबी जोर चढला. मग आमी बाहेरच्या भिंतीपाशी आलो. तिथं दगडात बाया-पुरुष कोरलेत, जोडीजोडीनं, एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून. हसतायत. तो कानापर्यंत लाल.

"ही... दंपती आहेत," तो म्हणाला.

"ही नवरा-बायको! दोन हजार वर्सं झाली, खांद्यावरचा हात काढला नाय!"

"अगं बाई," मालतीबाई नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "बघा, शिका."

विश्वजित माझ्याकडं बघत होता. भिंतीकडं नाय. अगदी हळू म्हणाला, "कानातलं छान आहे."

आन मी... तोंडाला वळण लागलेलं ना! "कानातलं छान हाय!" मी ओरडले.

सगळ्यांनी माना वर करून दगडातल्या बाईच्या कानाकडं बघितलं. "खरंच की," मालतीबाई म्हणाल्या आन फोटो काढला. मी माझ्या कानातल्या खोट्या रिंगांना हात लावला आन भिंतीकडं तोंड फिरवलं.

दुपारी पुणं. शनिवारवाड्याचा दरवाजा बाहेरनं बघितला, आतलं त्यानं सांगितलं, मी ओरडून सांगितलं. मग हौसेराव म्हणाले, "तासभर तुळशीबाग. खरेदी करा." बाया गेल्या भांड्या-बांगड्यांत. मी इचारलं, "हिकडं भाजी कुठं मिळती?"

विश्वजित मला मंडईत घेऊन गेला. आन तिथं, पोरींनो, तिथं ढीग. हिरवीगार, काटेरी, लांबसडक कारली! मी एक उचललं, नखानं टोचलं, वास घेतला. तो उभा राहून बघत होता, मगाशी मी खांबांकडं बघत होते ना, तसा.

"काय बघता?"

"काही नाही. तुम्ही कारल्याकडे किती प्रेमानं बघता."

"बघावं लागतं. कडू वस्तूकडं नीट नाय बघितलं तर ती आपल्याला फसवती."

"आणि माणसांकडे?"

"माणसं टोचून कुठं बघता येतात?"

त्यानं हात पुढं केला. मनगट वर करून. "बघा की."

मी त्याच्या हातावर पिशवी ठेवली. "ही धरा आधी."

त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या. इस्त्रीच्या शर्टाला कारल्याचे डाग, तरी चालला आपला. बसकडं येताना मी म्हणाले, "सांगलीकडंबी कारली बरी येत्यात म्हणे."

"याल तुम्ही घ्यायला?"

"आमी वाशी सोडून जात नाय."

"आज आलात."

"आज चुकून."

शेवटची पन्नास पावलं आमी एवढी हळू चाललो की गाडीतनं हॉर्न वाजला.

परतीला अंधार पडत होता. लोकं गाणी म्हणत होती, फरसाण फिरत होतं, मालतीबाईंनी मला दोनदा लाडू दिला. सगळी खूश. मी मनात म्हटलं, झालं काम, राह्यला पोरगा. बेलापूर मागं पडलं तसे हौसेराव उठले, दांडीला धरून उभे राह्यले.

"मंडळी, आज मजा आली का?"

"आली!"

"मग आमी ठरवलंय. पोरगं हुशार हाय, पण ते पुस्तकातच बरं. ट्रिपला आवाज लागतो, आवाज! दिवेकर मॅडम, पुढच्या रविवारपासनं गाइड तुमी!"

टाळ्या. आन टाळ्यांच्या मधी विश्वजितचा चेहरा. त्यानंबी टाळ्या वाजवल्या, येडा. माझ्याकडं बघून मान हलवली, घ्या म्हणून. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. उन्हात बसायचं नाय, पाणी मारायचं नाय, 'ताजी हाय का' कुणी इचारायचं नाय. खुर्ची, शिट्टी, लाडू. पण सोमवारची गाडी घेऊन जाणार ती त्याला. माझ्यामुळं.

मी उठले.

"मालक, पयली गोष्ट. मी दिवेकर नाय. मी राही. जुईनगरला भाजी इकते. कारल्याच्या गाडीत चढले ती ही निघाली."

गाडीत असं हसू फुटलं की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. हौसेरावांनी विश्वजितकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"ह्यांची चूक नाय, माझी घाई. दुसरी गोष्ट. मी दिवसभर जे बोलले ते सगळं ह्यांचं. माझी नुसती बोंब. उद्या कुणी मला इचारलं त्या खांबावर हत्ती का, तर मी काय सांगू? भारी वजन पेलाय हत्ती लागतो?"

"मग करायचं काय?" हौसेराव म्हणाले.

"घ्यायचं तर दोघं घ्या. नायतर मी बी नाय. आमी जुडी फोडत नाय!"

आता, मेथीची जुडी असती, कोथिंबिरीची असती. गिऱ्हाईक म्हणतं अर्धी द्या, आमी म्हणतो जुडी फोडत नाय. रोज शंभरदा बोलते मी ते. सवयीनं आलं तोंडातनं.

"अगं बाई!" मालतीबाई शेवटच्या सीटवरनं किंचाळल्या. "जोडी म्हणाली!"

"जोडी नाय, जुडी! मेथीची!"

"जोडी फोडत नाही म्हणाली!"

"अहो जुडी! सुतळीनं बांधलेली—"

"बांधलेली सुद्धा म्हणाली!"

अख्खी गाडी टाळ्या वाजवाय लागली. मी जेवढं समजवाय जाते तेवढं ते भलतीकडंच जातं. हौसेराव मिशीत हसत होते. "बसा," ते म्हणाले, "बसा दोघं. जुडी म्हणा नायतर जोडी. रविवारी पहाटं पुलाखाली हजर पायजे. आन विश्वजित, बापाला सांग, तिकीट परत कर."

मी मटकन बसले. पिशव्या छातीशी धरल्या. विश्वजित शेजारी येऊन बसला. दिव्यांचे पट्टे त्याच्या डागाळलेल्या शर्टावरनं जात होते. मग तो माझ्याकडं झुकला आन म्हणाला... एवढ्या हळू की ते फकस्त माझ्याच कानात मावलं.

"राही, जुडी असू दे की जोडी... मी सुटणार नाही."

"काय म्हणाला?" मागनं मालतीबाई. "आम्हाला ऐकू नाही आलं! सांगा की मोठ्यानं!"

"सांगा, सांगा!" गाडी ओरडाय लागली.

मी तोंड उघडलं. लेणं घुमवणारा माझा आवाज, बाहेरच येईना. त्याचा हात कारल्याच्या पिशवीखालनं माझ्या हातापाशी आलेला.

"काय नाय," मी कशीबशी म्हणाले. "वाशी आलं म्हणतोय."