चौथ्या धड्यातला आवाज

इतिहासाच्या पुस्तकाचा चौथा धडा मी रेकॉर्ड करत होते. खिडकी बंद, पंखा बंद, मोबाइल कपाटात. एकवीस पानं न अडखळता झाली आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी दार वाजवलं.

"कोणी आहे का?"

दार उघडलं ते भांडायच्या तयारीनंच. समोर एक उंच तरुण, आमच्या दूधविनायक मोहल्ल्याच्या गल्ल्यांत अर्धा तास भटकून घामाघूम झालेला. माझ्या गळ्यातले हेडफोन पाहून त्यानं जीभ चावली.

"मी... मध्येच बोललो का?"

"बोललात."

"मग पुन्हा वाचावं लागणार?" असं विचारून तो चक्क हसला. मला राग यायला हवा होता... आला नाही.

हा अनिमेष. नागपूरहून इथे हिंदी मुलखातल्या बँकेत बदलून आलेला. आमची संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. गल्लीतल्या गोंगाटानं निम्मं काम वाया जायचं. बाहेरचा आवाज आत न येणारी खोली परीक्षेच्या आत हवी होती, नाहीतर आठ पुस्तकं राहणार होती. म्हणून आमचे अध्यक्ष नरहरकाका यांनी इंटरनेटवरून मदत गोळा करायला अनिमेषला गळ घातली होती.

बँक सुटली की तो यायचा आणि शिकवायचा. संस्थेचं कौतुक कोणी वाचत नाही, एक चेहरा हवा, त्याची गोष्ट हवी आणि शेवटची तारीख हवी. आधी ओळखीच्यांना फोन, मग मदतीचं इंटरनेटवरचं पान सगळ्यांसाठी खुलं. देणाऱ्याचे आभार त्याच दिवशी, त्याचं नाव घेऊन. मी लिहून घ्यायचे, आणि लिहिताना त्याच्या दुमडलेल्या बाह्यांकडे बघायचे.

चेहरा ठरला विद्युल्लतेचा. विद्यापीठात एमए करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली, आणि देखणी. तिनं एकच अट घातली. बिचारी म्हणून लिहायचं नाही, प्रथम श्रेणीत येणारी म्हणून लिहायचं.

मंगला गौरी घाटाच्या पायऱ्यांवर चित्रण सुरू झालं. पुढे अनिमेष, त्याच्या कोपरावर तिचा हात. न दिसणाऱ्याला असंच न्यायचं असतं, मीच त्याला शिकवलं होतं. तरी मला ते बघवेना. एका मिनिटाच्या व्हिडिओला तीन दिवस कशाला लागतात?

पान सुरू झालं त्या सकाळी तो बँकेत होता आणि पासवर्ड माझ्याकडे. मी पानावरून विद्युल्लतेचा फोटो हटवला, व्हिडिओ हटवला आणि वार्षिक समारंभाचा फोटो लावला. शाली, हार, समई आणि समईभोवती नऊ जण. काकांना असेच फोटो आवडतात, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं.

काकांनीच बदलायला लावलं असणार, असं समजून अनिमेष वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसला. दोन दिवसांत आमच्या चार नातेवाइकांशिवाय कोणी फिरकलं नाही. आपलंच काही चुकलं, म्हणून तो हिरमुसला. तरी मी खरं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी विद्युल्लता आली.

"ऋताताई, माझा फोन म्हणतो, पानावर नऊ जण समई लावतायत. मी कुठे गायब झाले?"

मी गारठले. आमच्याकडे प्रत्येक फोटोसोबत त्याचं वर्णन लिहायची रीत आहे, फोननं वाचून दाखवावं म्हणून. सवयीनं तेही मीच लिहिलं होतं. काकांची इच्छा होती, असं काहीतरी मी पुटपुटले.

"झूठ. काकांना पासवर्ड टाकता येत नाही." ती हसली. "एक बात सांगू? चौथ्या धड्यात अनिमेषजींचा आवाज आहे. तुम्ही तर कुत्रं भुंकलं तरी पूर्ण पान परत वाचता. ते का नाही काढलं?"

माझे कान तापले.

"तीन दिवस ते मला तुमच्याबद्दलच विचारत होते, ताई. मी बोर झाले." मग तिचा स्वर बदलला. "आणि परीक्षा माझी आहे."

मला स्वतःची लाज वाटली. तिची माफी मागून मी तिच्यासमोरच तिचा फोटो आणि व्हिडिओ परत लावले. मग अनिमेषला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं.

"जळत होते मी. तिच्यावर."

त्यानं पानावरची शेवटची तारीख पाहिली.

"दोन दिवस फुकट गेले, ऋता."

"हो."

"पुन्हा असं करणार?"

"नाही."

"आणि जळणार?"

"ते... सांगता येत नाही."

तेव्हा कुठे तो हसला.

पुढचे दोन आठवडे आम्ही शेजारी बसून आभार लिहिले, एकेक नाव घेऊन. पैसे जमले आणि परीक्षेला महिना असताना खोली झाली. पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडलं. इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. दार वाजवलेलंही आत कळत नव्हतं, म्हणून त्यानं ते सरळ उघडलं.

"कोणी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "तुमचीच वाट बघतेय."

रेकॉर्डिंग चालूच होतं. विद्युल्लता ऐकेल आणि चिडवेल, हे ठाऊक असूनही मी ते काढलं नाही.