दाराकडचा तुकडा

भिंगाखाली जिवंत पेशी आणि नुकतीच मेलेली पेशी बहुतेक वेळा सारख्याच दिसतात. मग ओळखायचं कसं? हा प्रश्न कालपासून शाल्मलीला छळत होता.

तिच्या धाकट्या भावाची, मल्हारची, पाठ उकळत्या पाण्याने भाजली होती. त्याच्याच पेशींपासून (पेशी म्हणजे शरीराची लहानशी वीट) तिचे आजोबा प्रयोगशाळेतल्या ऊबपेटीत नवी कातडी वाढवत होते. काल आजोबा जेवायला गेले असताना शाल्मलीने पेटी उघडून कातडी पाहिली आणि दार लावायला विसरली. तासाभराने आठवलं, तेव्हा धावत येऊन तिने गुपचूप दार लावलं. पेटी गार पडली होती. तेव्हापासून ती मूग गिळून गप्प होती.

आज आजोबांनी कातडीचा नखाएवढा तुकडा तपासायला कापला. रंगवलेला तुकडा पुन्हा अंगावर लावत नाहीत, म्हणून एवढासाच. उजेडात रंग विटतात म्हणून त्यांनी दिवे मालवले. पेशीत डीएनए (शरीर घडवायच्या सूचनांचा धागा) असतो, त्याला हे रंग चिकटतात आणि खास प्रकाशात चमकतात, असं आजोबांनी सांगितलं. निळा रंग सगळ्याच पेशींत शिरतो. लाल रंगाला जिवंत पेशी आत घेत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, तिथेच तो शिरतो.

भिंगाला जोडलेल्या पडद्यावर शेकडो निळे ठिपके उमटले. लाल मोजकेच होते, तेही काठावर. ते आपल्या कात्रीने मेले, असं आजोबा म्हणाले. शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

तरी तिने विचारलं, “तुकडा कुठल्या बाजूचा होता?”

“मागच्या.”

गारवा तर दारातून आला होता. तिला रडू फुटलं.

“आजोबा, काल दार मी उघडं टाकलं होतं. तासभर.”

आजोबांनी पुन्हा कात्री उचलली. त्यांनी दाराकडचा तुकडा कापला, रंगवला. टेबलावरच्या, ठिपके मोजणाऱ्या यंत्रमानवाने आकडा सांगितला: शंभरात साठ लाल. मग आजोबा कातडीच्या एकेका पट्टीतला बारीक तुकडा तपासत आत सरकले. तिसऱ्या पट्टीपासून पुढे सगळं निळं होतं.

“पाठीला पुरेल?” शाल्मलीने घाबरतच विचारलं.

“पुरेल. उद्या लावू,” आजोबा म्हणाले. “तू बोलली नसतीस, तर ही मेलेली कातडीही मी त्याच्या पाठीवर लावली असती.”

शाल्मलीने ऊबपेटीचं दार दाबून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.