चवळीवरचे कोरडे दाणे

"राखे, नोझल दे मुकाट्यानं!"

राजकुमारकाका फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओरडला. राखी परसबागेच्या वाटेत आडवी उभी राहिली. पंपाच्या नळीचं नोझल तिच्या मुठीत घट्ट होतं.

"अख्खी चवळी माव्याच्या किडीनं खाल्ली! अडवते कायले?"

"काका, तुमी तोंडाले रुमालबी नाही बांधला!"

"एवढ्याशा वाफ्याले रुमाल कायले?"

"बापूनंबी असंच म्हटलंतं," राखी म्हणाली. तीन वर्षांपूर्वी कपाशी फवारताना तिचा बापू, भावसिंग, विष भिनून शेताच्या धुऱ्यावरच कोसळला होता. जीव वाचला, पण नजर पुरती परत आली नाही. तेव्हापासून पंप निघाला, की राखी आधी नोझल काढून घेई.

"मंग मावा कोन मारन? तू?"

"मारून राह्यलं ना कोनीतरी!" तिचा वर्गमित्र पिंटू बरणी घेऊन धावत आला. दिवाळीच्या सुट्टीत दोघांना पानांवर दाण्यासारखा फुगलेला, भुरा मावा दिसला होता. रोग समजून त्यांनी तसली पानं जाळलीही. एकच पान बरणीत ठेवून वर फडकं बांधलं होतं. आज प्रत्येक भुऱ्या दाण्याला गोल भोक होतं, आणि बरणीत पंखवाले बारीक किडे फिरत होते!

"सरांना फोन केला," पिंटू म्हणाला. "हे मित्रकीटक हायेत. माव्याच्या पोटात अंडी घालतात. मावा मरून कोरडा होते."

"अन् आमी त्यायलेच जाळलं," राखी बरणीकडे पाहत म्हणाली.

"बरनीत दहा किडे! त्यानं काय होते?" काका हसला.

कुंपण चाचपत बापू वाफ्यात आला. पानांच्या मागून अंगठा फिरवू लागला. "हा मऊ, चिकट. हा कोरडा. इथंबी कोरडा..." तो ओळीच्या टोकापर्यंत गेला. "राजू, अर्ध्याच्या वर कोरडेच हायेत रे!"

मग पंपाचा पट्टा उतरवायला त्यानं हात पुढे केला. बोटं भावाच्या तोंडाला लागली आणि तिथंच थांबली.

"खरंच रुमाल नाही बांधला?"

काकानं पंप खाली ठेवला.

पंधरा दिवसांनी चवळीला स्वच्छ नवी पालवी आली. काकानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"पोट्टे हुशार निंघाले!" तो म्हणाला.

राखीनं खिशातून नोझल काढून पुढे केलं. काकानं तिची मूठ मिटवली.

"राहू दे तुह्यापाशीच."